मोटारीचा ब्रेक अचानक गेला तर : दोष कसा ओळखावा?



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या भागातल्या रस्त्यांवर बैलगाड्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ट्रक आणि सभासदांच्या स्वतःच्या जीपा-मोटारी यांची एकच गर्दी होते. पूर्वी गावात एखाददुसरी मोटार असे. आता वस्तीवस्तीवर जीप, पिकअप किंवा लहान मोटार उभी दिसते. गाडी आली ही आनंदाची गोष्ट आहे. पण गाडीचे इंजिन, टायर, बॅटरी यांची जेवढी चौकशी आपण करतो तेवढी ब्रेकची करीत नाही. मग एक दिवस कुणीतरी सांगतो, “चांगला चालला होता हो, एकदम ब्रेकच लागंना!”

यातला ‘एकदम’ हा शब्द आम्हाला पटत नाही. ब्रेक जातो तो क्षण अचानक असतो हे खरे, पण बहुतेक वेळा त्याच्या आधी काही दिवस तो आपल्या पायाला सांगत असतो. पेडल थोडे खाली गेलेले असते, मऊ लागत असते, टाकीतले ऑइल कमी झालेले असते. आपण दोनदा पाय मारतो, ब्रेक लागतो, आणि आपण पुढे जातो. म्हणून या लेखात ब्रेक गेला तर दोष कुठे आहे हे पायाने आणि डोळ्याने कसे ओळखायचे ते क्रमाने सांगत आहोत. दुरुस्ती मिस्त्रीच करील. पण दोष कुठला हे मालकाला कळले, तर मिस्त्री नुसते ऑइल भरून गाडी परत देणार नाही.

ब्रेक लागतो कसा?

मोटारीचा ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो. बंद नळीतल्या द्रवावर एका टोकाला दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हा नियम सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडला. ट्रॅक्टरची लिफ्ट याच नियमावर उचलते. कारखान्याच्या गिरणीत वरच्या रोलरवर जो भार देतात तोही ऑइलच्या दाबानेच. चारही चाकांना ऑइलचे ब्रेक असलेली मोटार १९२१ साली अमेरिकेत ड्युसेनबर्ग कंपनीने बाजारात आणली. आज सगळ्याच मोटारींत मूळ पद्धत तीच आहे.

आपण पेडल दाबतो. ती ताकद आधी बूस्टरमध्ये जाते. हा मोठ्या डब्यासारखा भाग इंजिनकडून मिळणाऱ्या पोकळीच्या ओढीने आपल्या पायाला मदत करतो. त्यापुढे मास्टर सिलिंडर असतो. तो ऑइल दाबतो. ते लोखंडी नळ्यांतून आणि चाकाजवळच्या रबरी होज पाइपातून चाकापर्यंत जाते. पुढच्या चाकांना बहुधा डिस्क असते, तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटा घेतात. मागच्या चाकांना बऱ्याच गाड्यांत ड्रम असतो, त्यात लायनर बाहेरच्या अंगाला दाबले जातात.

या साखळीत एवढेच भाग आहेत. दोष यांतल्याच एखाद्या भागात असणार. तो शोधायचा कसा, हे पुढे पाहू.

पहिले काम : गाडी थांबवणे

दोष शोधण्यासाठी गाडी आणि माणूस दोन्ही शाबूत राहिले पाहिजेत. चालत्या गाडीचा ब्रेक लागला नाही तर असे करावे :

१. पेडल भराभर तीन-चार वेळा मारावे. बऱ्याच वेळा थोडा तरी दाब तयार होतो.

२. पेडल खालीच जात नसेल तर त्याच्या मागे पाण्याची बाटली, चप्पल किंवा दुमडलेले मॅट अडकले आहे काय, ते पायाने चाचपावे. वाकून पाहू नये.

३. अ‍ॅक्सिलरेटर सोडून एकेक गिअर खाली आणावा. चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा. इंजिनच गाडीला धरून ठेवते. न्यूट्रल करू नये.

४. हॅण्डब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढावा. एकदम ओढला तर मागची चाके घसरतात आणि गाडी आडवी होते.

५. हॉर्न आणि दिवे चालू ठेवावेत. रस्त्याकडेचा चढ, मातीचा बांध, मोकळे रान यांचा आधार घ्यावा.

६. गाडी पुरती थांबेपर्यंत इंजिन बंद करू नये. इंजिन बंद झाले की बूस्टरची मदत संपते, पॉवर स्टिअरिंग जड होते, आणि चावी काढली तर स्टिअरिंगच अडकते.

गाडी थांबली की चाकांना दगड लावावेत. मगच पुढची तपासणी.

पायाची परीक्षा

गाडी सपाट जागेवर, इंजिन चालू, गिअर न्यूट्रल. आता पेडलवर पाय ठेवून ते काय सांगते ते पाहावे. त्याचे सहा प्रकार आहेत.

(अ) पेडल सरळ फळीला टेकते, कितीही मारले तरी वर येत नाही. याचा अर्थ ऑइल बरेचसे निघून गेले आहे. नळी किंवा होज फुटला आहे, चाकाचा सिलिंडर गळाला आहे, किंवा मास्टर सिलिंडर पुरता गेला आहे. क्वचित पेडलची दांडीच सुटलेली असते. आताच्या गाड्यांत ऑइलचे दोन वेगळे मार्ग असतात, त्यामुळे एक फुटला तरी दुसऱ्यावर खूप खाली जाऊन थोडा ब्रेक लागतो. जुन्या जीपगाड्यांत एकच मार्ग असे आणि एक नळी फुटली की चारही चाके मोकळी होत. पण दुसरा मार्ग शिल्लक आहे तो गाडी थांबवण्यासाठी आहे, घरी नेण्यासाठी नाही, हे ध्यानात ठेवावे.

(आ) पहिल्यांदा खाली जाते, दोन-तीनदा मारले की वर येते. इथे नीट लक्ष द्यावे, कारण याची दोन कारणे आहेत. वर आलेले पेडल चेंडूसारखे मऊ, उसळणारे लागत असेल तर नळीत हवा आहे. आपल्या विहिरीवरच्या पंपाचे पाहा. फूट व्हॉल्व्ह गळून पाइपात हवा शिरली की मोटर फिरते पण पाणी उचलत नाही. ब्रेकचेही तसेच आहे. हवा दबते, त्यामुळे दाब चाकापर्यंत पोचत नाही. उलट, वर आलेले पेडल घट्ट लागत असेल तर हवा नाही, लायनर झिजून ड्रमपासून लांब गेले आहेत. ते जवळ घ्यावे लागतील किंवा बदलावे लागतील.

(इ) पेडल वर राहते, पण पाय दाबून ठेवला की सावकाश खाली सरकते. मध्यम जोराने पाय दाबून मनात तीसपर्यंत आकडे मोजावेत. पेडल सरकत सरकत खाली गेले आणि बाहेर कुठेही गळती नाही, तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबर झिजले आहे. फवारणी पंपाचा वॉशर झिजला म्हणजे दांडा हलतो पण दाब धरत नाही, तोच हा प्रकार. हा दोष सगळ्यांत फसवा आहे. टाकीतले ऑइल कमी होत नाही, जमिनीवर थेंब दिसत नाही, आणि जोरात पाय मारला की ब्रेक लागतोसुद्धा. हळू पाय ठेवला की लागत नाही.

(ई) पेडल दगडासारखे कडक, गाडी मात्र थांबत नाही. दोष ऑइलचा नाही, बूस्टरचा आहे. परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा मारावे, ते कडक होईल. तसेच दाबून धरून इंजिन चालू करावे. पेडल पायाखाली थोडे खाली गेले तर बूस्टर ठीक. अजिबात हलले नाही तर बूस्टर, त्याचा व्हॉल्व्ह किंवा त्याच्याकडे जाणारी रबरी नळी यांत दोष आहे. नळी निसटली, चिरली किंवा उंदराने कुरतडली तरी असे होते. डिझेल गाडीत ही पोकळी तयार करणारा वेगळा पंप असतो, तोही पाहावा.

(उ) पेडल आधी ठीक होते, उतारावर बराच वेळ ब्रेक मारल्यावर मऊ पडले किंवा ब्रेक धरेनासा झाला, जळका वास आला. हा उष्णतेचा प्रकार. याबद्दल पुढे वेगळे लिहिले आहे.

(ऊ) ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. एका चाकाचा ब्रेक लागत नाही. लायनरवर ऑइल किंवा ग्रीस आले असेल, सिलिंडर गंजून अडकला असेल, किंवा होज पाइप आतून सुजून बंद झाला असेल. ओढ्यातून गाडी काढल्यावर असे झाले तर लायनर ओले आहेत. सावकाश चालवत ब्रेकवर हलका पाय ठेवला की ते सुकतात.

एक खुलासा करतो. एबीएस असलेल्या गाडीत जोरात ब्रेक मारला की पेडल पायाखाली थरथरते. तो दोष नव्हे. पाय काढू नये.

डोळ्यांची परीक्षा

पायाने प्रकार कळला की डोळ्याने जागा शोधावी. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी पाहावी. तिच्यावर कमाल आणि किमान अशा दोन रेघा असतात. पॅड झिजतात तशी पातळी महिन्यामहिन्यांनी किंचित उतरते, ते साहजिक आहे. पण आठ-पंधरा दिवसांत दोनदा ऑइल घालावे लागले तर ते कुठेतरी गळते आहेच. ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखे आटत नाही किंवा जळत नाही. गेले म्हणजे बाहेर गेले.

कुठे गेले? चारही टायरच्या आतल्या बाजूला पाहावे. धूळ ओली होऊन काळा ओघळ आलेला असेल तर त्या चाकाचा सिलिंडर गळतो. मग नळ्यांवरून नजर फिरवावी. आपल्या गाड्या चिखलातून, पाटाच्या पाण्यातून जातात, खताची पोती वाहतात. खतातला क्षार आणि ओलावा यांनी लोखंडी नळी गंजते. नळीला फुगलेले गंजाचे पापुद्रे दिसले तर ती बदलावी. रबरी होजला चिरा पडल्या असतील किंवा तो टायरला घासत असेल तर तोही बदलावा.

खाली पडलेला थेंब ब्रेक ऑइलचाच कशावरून? थोडासा काडीवर घेऊन वाटीभर पाण्यात टाकावा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते, इंजिन ऑइल वर तरंगते. एसीचे पाणी नुसते स्वच्छ पाणी असते, त्याला घाबरायचे कारण नाही. ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर रंग उचलते, म्हणून लगेच पाण्याने धुवावे.

एक नमुना पाहू

समजा, एका सभासदाच्या पिकअपचे पेडल बाजाराहून येताना खाली गेले. गॅरेजवाल्याने टाकीत ऑइल भरले, हवा काढली, पेडल वर आले. “झालं काम, जावा आता.” चौथ्या दिवशी पुन्हा तेच. चारही चाके कोरडी, नळ्या कोरड्या, जमिनीवर थेंब नाही. मग ऑइल गेले कुठे?

इथे क्रमाने विचार करावा. ऑइल कमी झाले म्हणजे गळती आहे. चाकाला नाही, नळीला नाही, तर उरला मास्टर सिलिंडर. त्याचे दोन नट सोडून तो बूस्टरपासून थोडा पुढे ओढला की बहुधा मागची बाजू ओली सापडते. मागचे रबर फाटून ऑइल बूस्टरच्या पोटात साठत असते. बाहेरून ते कधीच दिसले नसते. या गाडीत दहा वेळा ऑइल भरले आणि दहा वेळा हवा काढली तरी ब्रेक जाणारच.

आमचे सांगणे एवढेच आहे. हवा काढणे हा इलाज आहे, निदान नव्हे. बंद नळीत हवा आपोआप शिरत नाही. ती कुठून शिरली याचे उत्तर मिळाल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये.

घाट, उतार आणि उष्णता

ब्रेक म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणारे यंत्र. कुंभार्ली, आंबोली, खंबाटकी असल्या घाटांत उतरताना सतत पेडलवर पाय ठेवला तर डिस्क आणि ड्रम भयंकर तापतात. पॅडची पकड कमी होते. ऑइलपर्यंत उष्णता पोचली आणि ते उकळले तर नळीत वाफ होते. वाफही हवेसारखीच दबते, आणि पेडल खाली जाते.

इथे जुन्या ऑइलचा दोष मोठा असतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. ‘डॉट ३’ जातीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे प्रमाण आहे, पण ओलावा धरलेल्या ऑइलसाठी तेच प्रमाण १४० अंशांवर येते. ‘डॉट ४’ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. म्हणून साधारण दोन वर्षांनी ब्रेक ऑइल पूर्ण बदलावे. नवे ऑइल फिकट पिवळसर असते. चहासारखे तांबडे-काळे दिसले तर वेळ होऊन गेली असे समजावे.

घाटात ब्रेक मऊ पडला तर गाडी कडेला लावून अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्यावी. तापलेल्या ड्रमवर किंवा डिस्कवर पाणी ओतू नये, ती तडकते. थंड झाल्यावर पेडल पूर्वीसारखे झाले म्हणजे दोष उष्णतेचा होता हे ठरले. तरीही खाली उतरून ऑइल आणि पॅड तपासून घ्यावेत.

आणखी एक वाईट सवय आपल्याकडे आहे. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणे, नाहीतर इंजिनच बंद करणे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका मालट्रकने ओळीने अनेक वाहनांना ठोकरले. ‘ब्रेक फेल’ अशीच पहिली बातमी पसरली. पुढे पोलिसांनी सांगितले की, उतारावर चालकाने इंजिन बंद केले होते. इंजिन बंद असले की मोटारीच्या बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा मारण्यापुरतीच ओढ शिल्लक राहते, आणि हवेच्या ब्रेकच्या ट्रकमध्ये खर्च झालेली हवा पुन्हा भरत नाही. यात ब्रेकचा काय दोष? शिवाय आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंदच होते. म्हणजे वाचत काहीच नाही. ज्या गिअरने घाट चढतो त्याच गिअरने उतरावे, हा जुन्या ड्रायव्हर मंडळींचा नियम आजही खरा आहे.

भलते ऑइल घालू नये

वाटेत ब्रेक ऑइल मिळाले नाही म्हणून कुणी इंजिन ऑइल घालतो, कुणी हायड्रॉलिक ऑइल, कुणी डिझेल. त्या वेळी पेडल वर येते, पण ब्रेकमधली रबरे या ऑइलने फुगतात आणि मऊ पडतात. मग ब्रेक अडकतो किंवा पुरता जातो. अशा गाडीची सर्व रबरे आणि होज बदलून, नळ्या धुऊन काढाव्या लागतात. दोनशे रुपये वाचवायला जाऊन हजारोंचा खर्च. टाकीच्या झाकणावर ‘डॉट ३’ की ‘डॉट ४’ हे लिहिलेले असते, तेच सीलबंद डब्यातले घालावे. वर्षभर फडताळात उघडा पडलेला डबा ओलावा धरतो, तो वापरू नये.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी दोन शब्द

ट्रॅक्टरला डावे आणि उजवे अशी दोन ब्रेक पेडले असतात. शेतात वळणासाठी ती सुटी वापरतात. रस्त्यावर येताना त्यांची कडी लावलीच पाहिजे. नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. भरलेल्या ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर सगळा भार मागून ट्रॅक्टरला ढकलतो. ट्रॅक्टरचा ब्रेक कितीही चांगला असला तरी त्याला तो पुरा पडत नाही. म्हणून उताराच्या आधीच खालचा गिअर टाकावा आणि उतारावर क्लच दाबू नये. एवढे केले तरी ‘ब्रेक लागला नाही’ असे सांगण्याची बरीच पाळी टळेल.

दुरुस्तीनंतर आणि रोजच्या रोज

गाडी दुरुस्तीहून आली की मिस्त्रीला तीन प्रश्न विचारावेत. ऑइल कुठून गेले? काढलेला भाग कुठे आहे? आता पेडल तीस आकड्यांपर्यंत धरते काय? मग मोकळ्या रस्त्यावर सावकाश नेऊन दोन-तीन वेळा ब्रेक मारून पाहावा. पहिल्याच फेरीला घरची माणसे बसवू नयेत.

रोज गाडी काढण्यापूर्वी पेडल एकदा दाबून धरावे, टाकीकडे नजर टाकावी, गाडी उभी होती तिथली जमीन पाहावी, आणि फाटकातून बाहेर पडण्याआधी एक ब्रेक मारून पाहावा. याला दोन मिनिटेसुद्धा लागत नाहीत. डॅशबोर्डवर लाल ब्रेकचा दिवा हॅण्डब्रेक सोडूनही जळत राहिला तर गाडी पुढे नेऊ नये. गाडी दुसऱ्या कुणाच्या हाती देत असाल, तर “ब्रेक जरा दोनदा मारावा लागतो हं,” असे सांगून देऊ नये. ब्रेक दुरुस्त करूनच द्यावी.

हंगामात रस्ता आपल्या सर्वांचा असतो. त्यावर तोडणी कामगारांची लेकरे चालतात, बैलगाड्या रात्री दिव्याविना असतात, शाळेची मुले सायकलवर असतात. ऊस एखादा दिवस उशिरा गव्हाणीत पडला तर त्याची भरपाई होऊ शकेल. सभासदांनी हा लेख कापून गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा, आणि घरात जो गाडी चालवतो त्याला एकदा वाचून दाखवावा, अशी विनंती आहे.